मेन स्विच पाडणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका विजेच्या लहरीला भिणारा माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या घरी जायला मी जितका भितो तितका दुसऱ्या कशालाच भीत नाही. आयुष्यभर एसटी चालवून ते आखाडा बाळापूरला स्थायिक झाले. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का. फुफ्फुसं अधू झाल्यापासून त्या दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. मशीन विजेवर, आणि वीज तिच्या मर्जीवर. म्हणून साडूंनी इन्व्हर्टर घेतला, मग दुसरा घेतला, आणि दोन्हींवर काडीचाही विश्वास ठेवला नाही. "ब्रेक लागतो का न्हाई ते घाटात बघायचं असतं व्हय?" असं म्हणत ते वाटेल तेव्हा मेन स्विच पाडत. आपण पहिला घास उचलावा आणि खटकन आवाज यावा. मशीन "टूं" करी, बॅटरीवर चालू लागे, अक्का डोळे मिटून घेत आणि साडू विजयी मुद्रेने म्हणत, "बराबर हाय!" भरलेलं सिलिंडर घरात ठेवा म्हटलं तर, "घरात बॉम्ब काहून ठेवू?" आभाळ भरून आलं की मला हिंगोलीला फोन: "तिकडं लाईट हाय ना?" फोनवर त्यांचं नाव दिसलं की अजूनही मी आधी घरातला दिवा लावून बघतो.

गेल्या वैशाखात मी त्यांच्याकडे होतो. दोन्ही बॅटऱ्या मुळात चालतात तरी कुठवर, हे बघायचं त्यांच्या डोक्यात आलं. मी "राहू द्या हो" म्हणालो, पण ऐकतील ते साडू कसले! सकाळपासून मेन बंद. दुपारी दुसरीही बॅटरी संपली तसा त्यांनी खुशीत स्विच वर केला आणि तेवढ्यात वावटळ सुटून निंबाची फांदी तारांवर पडली. खरीखुरी वीज गेली. मशीन "टूं" करून गप्पच झालं. तेव्हाचा साडूंचा चेहरा देव करो आणि मला पुन्हा न दिसो. ते नुसते स्विच वरखाली करत होते. अक्कांचे ओठ निळे पडायला लागले. शेजारच्या किराणावाल्याचा पंखा मात्र इन्व्हर्टरवर फिरत होता. "बॅटरीत पाणी टाकलं का?" म्हणून साडू त्याला रोज छळत. त्यांनी अक्कांना दोन्ही हातांवर उचललं, मी मशीन उचललं आणि आम्ही पळालो. तिथं मशीन घुरघुरलं, आणि बऱ्याच वेळाने अक्का पुटपुटल्या, "आता माझंच टेस्टिंग करून राहिलात व्हय?"

संध्याकाळी लाईट आली. अक्कांना घरी आणून निजवलं. साडू ओट्यावर येऊन बसले आणि दारातून आत अक्कांकडे बघू लागले. मग म्हणाले, "पावनं, बॅटरी कुठवर चालते ते कळलं. हिचं कोनाला इचारू?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत मशीन चालू होतं, आणि आम्ही दोघं ते ऐकत बसून राहिलो.