माळ्यावरचा राउटर

राउटर माळ्यावर बसवायचा हट्ट माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. उत्रोलीच्या आमच्या घरी इंटरनेट जोडायला आलेला माणूस भला होता. "मॅडम, मधल्या खोलीत लावू, घरभर पोचंल," असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला उडवून लावलं. भोरच्या क्लासात नऊ वर्षं पोरांना नेटवर्क शिकवणारी बाई मी, मला हा काय शिकवणार! "वर लावा, जितकं उंच तितकी रेंज चांगली," असं ठणकावून मी त्याला शिडीच आणून दिली.

हे ज्ञान पुस्तकातलं नव्हतं, माहेरचं होतं. माझं माहेर वेल्ह्याकडं, डोंगरात. तिथं मोबाईलला रेंज यायची ती गावाबाहेरच्या टेकाडावर. फोन करायचा म्हटलं की माणूस चपला घालून चढायला लागायचा. रेंज वर असते, हे लहान पोरालाही ठाऊक. तिथं ते खरंही होतं, कारण टॉवर लांब आणि मधे डोंगर. पण घरातलं वाय-फाय राउटरमधूनच निघतं आणि वाटेतली प्रत्येक भिंत त्यातलं थोडं खाते. हे मी दर बॅचला फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. स्वतःच्या घरात मात्र माहेरची अक्कल वरचढ ठरली.

भोरचा क्लास बंद होणार होता. पुण्यातल्या एका संस्थेत घरी बसून ऑनलाइन शिकवायची जागा निघाली होती आणि नेट जोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला मुलाखत होती, तीही ऑनलाइन. ही जागा हुकली तर पुण्यात नोकरी धरून तिथंच खोली घेऊन राहायचं, सहा वर्षांच्या लेकीला शनिवार-रविवारी भेटायचं, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी 'बरं' म्हणाले होते आणि न्हाणीघरात जाऊन रडले होते.

सकाळी नवरा शिरवळला पहिल्या पाळीला गेला, लेक शाळेत गेली. घरी मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. दहाला मी मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. पुढं सोप्यात बसायची सोय नव्हती, समोरच्या घरी लग्न होतं आणि भोंगे उजाडल्यापासून कोकलत होते. मागची खोली शांत, कारण तिच्या भिंती दोन हात जाडीच्या, दगडमातीच्या. चाचणी म्हणून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. माळ्यावर भाताच्या पोत्यांची थप्पी, खाली ही भिंत, एवढं ओलांडून वाय-फाय माझ्यापर्यंत येईना. मोबाईलची रेंज त्या खोलीत कधीच नसते. राउटर खाली आणावा, तर खांबावरून आलेली नेटची काचेची बारीक तार माझ्याच हुकमानं मोजून माळ्यापर्यंत ओढलेली. ती तुटली की सगळंच संपलं.

मी लॅपटॉप आपटून मिटला. मामंजी दारात येऊन म्हणाले, "काय झालं, पोरी?"

"तुमचा भात आडवा आलाय माझ्या नेटला," मी फाडकन म्हणाले. बिचाऱ्यांचा काडीचा दोष नव्हता.

त्यांनी राग मानला नाही. माळ्याकडं बघत म्हणाले, "वाऱ्यावरनं येत न्हाई, तर वायरीनं आण की. पाटाचं पाणी खाचरापतुर पोचंना, तवा आपण पाईप टाकलाच न्हवं?"

मला स्वतःचीच लाज वाटली. वायरलेसला भिंत अडवते, वायरला अडवत नाही. पहिल्या दिवशीचा धडा! क्लासमधून आणलेलं केबलचं भेंडोळं पलंगाखालीच पडलं होतं. आम्ही दोघांनी मिळून केबल माळ्याच्या फटीतून खाली सोडली, दाराखालून खोलीत आणली आणि लॅपटॉपला जोडली. मैत्रीण लगेच घडाघडा बोलायला लागली. मला हायसं वाटलं.

आणि नेट गेलं.

वर जाऊन बघते तर केबलच्या टोकाला प्लग जागच्या जागी धरून ठेवणारा प्लास्टिकचा बारका चाप तुटलेला. प्लग राउटरमधून आपोआप निसटत होता. नवा प्लग बसवायची पक्कड भोरला, क्लासला कुलूप, घड्याळात पावणेअकरा. चिकटपट्टी लावली, तर माळ्यावरच्या धुळीनं ती धरेना.

"सरक," मामंजी म्हणाले. "म्या दाबून धरतो. तू जा."

"हलू देऊ नका हं, मामंजी. सुटलं तर सगळं बंद पडंल."

"आगं, जा म्हनतो न्हवं!"

पडद्यावर तिघं जण होते. त्यांनी विचारलं, बारावीच्या मुलाला वायर आणि वायरलेसमधला फरक कसा सांगाल? मी सगळं खरं खरं सांगून टाकलं: टेकाड, माळा, भाताची थप्पी, पाटाचं पाणी, पाईप. त्यातल्या बाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. वीस मिनिटांची मुलाखत सव्वा तास चालली. चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू कराल ना?"

छातीवरचं ओझं उतरलं. लेक रोज रात्री माझ्याच कुशीत झोपणार होती. मी नवऱ्याला फोन करायला अंगणात धावले, मग मैत्रिणीला केला, देवापुढं साखर ठेवली, पेढे सांगून ठेवले आणि हसत हसत चहा टाकला.

"मामंजी, चहा!" मी हाक मारली. सोप्यात कुणी नव्हतं. ओट्यावरही नव्हतं.

आणि मला माळा आठवला. मी शिडीवर चढले. तापलेल्या पत्र्याखाली ते तसेच वाकून बसले होते, सदरा घामानं चिंब, अंगठा प्लगवर.

"झालं का गं तुजं?" त्यांनी विचारलं. "सोडू का आता?"

"सोडा, मामंजी," मी म्हणाले. पण बोटं इतकी आखडली होती, की ती मलाच एकेक करून सोडवावी लागली.