चौदा सेकंदांच्या मॅडम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या विद्यार्थी संघटनेत नाही, घरी तर नाहीच. पत्रकं ढिगाने लिहिली — पण त्यांतल्या एकातही ही ओळ नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. ऐका.

टाळेबंदीत आमचं कॉलेज मोबाइलवर भरायचं; कारखाने तेवढे पुन्हा सुरू झाले होते. आमची खोली अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याला पाठ लावून. बाप तिथंच यंत्रमागावर. भिंतीपलीकडे दिवसभर खडखडाट. अर्थशास्त्राच्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या — सत्र संपलं की नोकरी संपली, पुन्हा बोलावलं तर खरं. पडद्यावरचे साठ काळे चौकोन बघून त्या वैतागायच्या. म्हणून एकेकाचं नाव घेऊन कॅमेरा आणि माइक उघडायला लावायच्या. एक दिवस माझं नाव आलं. मी माइक उघडला — आणि पलीकडचे सगळे माग वर्गात शिरले.

"काय गं, घरातून रेल्वे जातीय का तुझ्या?"

सगळे हसले. प्रश्न विचारला की एक माइक उघडत नाही, हसायला साठ कसे उघडतात हो?

मला सूड हवा होता. ते हसू आठवलं की आजही हवाच असतो, खोटं कशाला बोलू? पण साठ जणांवर कसा उगवणार? त्यांच्यातच तर बसायचं होतं. मॅडम एकट्या होत्या.

रिचार्ज संपलेल्या पोरांसाठी मॅडम तासाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायच्या. त्यातले चौदा सेकंद मी कापून घेतले. खाली पत्रक — 'कामगाराच्या घराला हसणारी शिक्षिका हटवा!' माझं पहिलं पत्रक. असं पेटलं की पार मोहोळ, करकंब या गावांतल्या पोरांपर्यंत गेलं. कॉलेज उघडल्यावर गेटवर घोषणा, सगळ्यांत पुढे मी. वर्गातल्या साठ जणांना खरं माहीत होतं. एकही बोलला नाही. बोलला असता, तर पुढचं पत्रक त्याच्यावर काढलं असतं मी — आणि हे त्यांना कळत होतं. पूर्ण रेकॉर्डिंग मॅडमकडेही असणारच. पण गेटवर घोषणा चालू असताना ते बघत कोण बसतंय? पुढच्या सत्राला त्यांना बोलावलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आणि चौदा सेकंदांनंतर काय होतं? — तेच सांगायचं टाळतेय ना मी?

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. माग आहेत का गं ते? चुकलं माझं. मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून आईनं शिकवलं मला, आणि मलाच आवाज ओळखू आला नाही." मग म्हणाल्या, माइक चालूच ठेव, मागाचं सांग, आम्ही ऐकतो. मी वीस मिनिटं बोलले. कुणी हसलं नाही. माझं पहिलं भाषण ते. आज सभेत टाळ्या घेते, ते बोलणं तिथं सुटलं.

आईनं मात्र विचारलं होतं, "त्या बाईला का काढलं गं? तुजं लई ऐकून घेतलं की तिनं. मी हितंच बसले व्हते."

"लई माजली होती," मी म्हणाले.

पूर्ण रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. मॅडमचा नंबरही आहे. 'चुकलं माझं' म्हणायला त्यांना चौदा सेकंद लागले. मी अजून फोन लावलेला नाही.