बऱ्या झालेल्या मुलाची उलटतपासणी

आमच्या ताईचा देवावरसुद्धा पुरता भरवसा नाही, तिथे डॉक्टर कोण लागून गेले! ती जुन्या खुर्च्या, सोफे नव्याने मढवून देते. कुणी कितीही चकचकीत सोफा आणो, ही आधी तो पालथा घालणार, खालची शिवण उसवणार आणि आत डोकावणार. "वरून मखमल, आतून गोणपाट," हे तिचं ठरलेलं वाक्य. भावजी शिंकले तरी विचारते, खरी शिंक आहे का?

माझी लेक चौदाव्या वर्षी मैत्रिणींच्या नादाने दारू प्यायला लागली. अठराव्या वर्षी सोडली, पण तोवर कोवळ्या मेंदूने व्हायचा तो मार खाल्ला होता. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. विचारलं की हसून म्हणते, "अगं, तेच ते! तूच सांग ना, तुझ्या तोंडून छान वाटतं."

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्टेम सेलचे, म्हणजे नव्या पेशी घालून मेंदू दुरुस्त करायचे, प्रयोग अजून उंदरांवर चाललेत. माणसाचं आम्हालाही माहीत नाही." माझं डोकंच फिरलं. माहीत नाही हे ऐकायला एवढ्या लांब यायचं होय?

मग एका खाजगी दवाखान्याची जाहिरात दिसली. पाठीच्या कण्यात स्टेम सेलचं इंजेक्शन, मेंदू पुन्हा नवा! बुडत्याला काडीचा आधार. लेक तर हट्टालाच पेटली; विसरू नये म्हणून तिने जाहिरात आरशावरच चिकटवली.

"उंदरांचं अजून चाललंय आणि यांचं उरकलंसुद्धा?" ताई म्हणाली. "मी येणार बरोबर."

आम्ही तिघी तिथे पोचलो, तोच तिने बसायची खुर्ची उलटी करून पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एक हसरा तरुण पाणी घेऊन आला.

"मावशी, पहिल्यांदाच आलात? घाबरू नका. मीही लहानपणापासून प्यायचो. इथेच बरा झालो, आता इथेच काम करतो."

मी हरखले. ताई माझ्या कानाशी लागली, "नाटकी आहे मेला. भाड्याने आणलाय. थेंबसुद्धा घेतला नसेल कधी."

तिने त्याला शेजारी बसवलं, आपण खुर्च्या मढवतो हे अगदी खिळ्या-हातोडीपर्यंत सांगितलं. तो आत जाऊन ग्लास ठेवून आला.

"काय रे, मी काय काम करते म्हणाले?"

तो गोड हसला. "अहो, तेच ते! तुम्हीच सांगा ना, तुमच्या तोंडून छान वाटतं."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. पोरगं नाटकी नव्हतं. एकेकाळी खरंच प्यायलेलं होतं, आणि बरं मुळीच झालेलं नव्हतं.

लेकही त्याच्याकडे बघतच राहिली. "तू बरा झालास हे तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. रोज सांगतात." मग तो ताईकडे वळला. "मावशी, पहिल्यांदाच आलात? पाणी आणू?"

लेक उठली. "आई, चल घरी."

रस्त्यात ती ताईचा हात धरून ढसाढसा रडली. "मावशी, मी अश्शीच बोलते ना?"

"हो गं बाई."

"उद्या मला यातलं काही आठवायचं नाही. मी पुन्हा हट्ट धरेन."

"धर. मी पुन्हा घेऊन येईन. पुन्हा बोल त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आरशासमोर उत्साहाने वेणी घालत म्हणाली, "आई, इंजेक्शनला कधी जायचं?"

ताई चपला घालून दारात उभीच होती.