देवाशी बोलणारे सायकलवाले

रबराच्या सोल्युशनचा वास आला की निवृत्त नर्सबाईंना अजून अण्णांचं दुकान आठवतं. सायकलदुरुस्तीचं, एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. तिथे बसून अण्णा देवाशी बोलायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. ट्यूब पाण्यात बुडवली की म्हणायचे, "बघ बाबा, हवा कुठून जाते ती. माझे डोळे गेले कामातून." चाक सरळ होईना की देवावरच डाफरायचे. गिऱ्हाइकांना त्याची सवय होती.

त्यांची थोरली लेक, म्हणजे याच नर्सबाई, मनोरुग्णालयात नर्सिंग शिकायला लागली आणि तिला पुस्तकातलं एकेक लक्षण अण्णांमध्ये दिसू लागलं. शेवटी ब्रेक दुरुस्त करायच्या निमित्तानं तिनं वॉर्डातल्या वयस्कर डॉक्टरांना दुकानात आणलं. ते स्टुलावर बसून अण्णांशी निवांत गप्पा मारत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "झोप लागते, जेवण जातं, कामात लक्ष आहे. नुसत्या श्रद्धेवर मी कसल्या गोळ्या देऊ?"

"पण सर, ते त्याच्याशी बोलतात."

"बोलू देत की. तुझं काय अडलंय?"

 तिला डॉक्टरांचा रागच आला.

काही वर्षांनी आई गेली. अण्णा दुकान उघडायचे, पण बोलणं बंद. देवाशी नाही, कुणाशीच नाही. वाढलेलं ताट तसंच राहायचं. नातेवाईक म्हणाले, "दुःख आहे, ओसरेल." लेकीनं कुणाचं ऐकलं नाही. हाताला धरून अण्णांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

बरेच महिने गेले. एका दुपारी ती डबा घेऊन आली, तर आतून आवाज आला, "नेलंस ना तिला? मग आता नीट सांभाळ. तिला गार वारा सोसत नाही."

लेक बाहेरच टायरांच्या चळतीवर टेकली. लगेच आत जाववेना. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं.

डबा उघडताना अण्णांनी विचारलं, "तू अजून मानत नाहीस ना त्याला?"

"नाही."

"बरं. भाजी झक्कास झालीय."

तिनं आपल्या वाट्याची भाजीही त्यांच्या पुढे सरकवली.