पांढऱ्या शेवंतीचा वाफा

शेवंती फुलायच्या आधीच तिचा रंग ओळखणारा माणूस त्या बागेत एकच होता. सगळे त्यांना पानकाका म्हणत. बाकीचे माळी रोपांपाशी रंगांच्या पाट्या खोचायचे. काका पान उलटं करून बोटाने चाचपायचे, "पांढरी" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. पांढरीचं पान रुंद, गुळगुळीत. तांबडीचं अरुंद आणि पाठीला बारीक लव. एकतीस वर्षांत त्यांचा एकही वाफा चुकला नव्हता.

यंदा मात्र त्यांची मुलगी धास्तावली होती. ती समोरच्या टपाल कचेरीत कामाला होती आणि दुपारी बाबांचा डबा घेऊन बागेत यायची. उन्हाळ्यात बाबा दोनदा घरची वाट चुकले होते. एकदा त्यांनी तिला आत्याच्या नावाने हाक मारली. आत्याला जाऊन बारा वर्षं झाली होती.

"बाबा, आता पुरे. घरी बसा."

"घरी बसून काय करू? भिंतींशी गप्पा मारू?"

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"डॉक्टरला शेवंतीतलं काय कळतं!" मग जरा थांबून ते म्हणाले, "हे बघ, मधला गोल वाफा मी एकट्याने लावलाय. आत पांढरी, कडेला पिवळी. फुलं येऊ देत. एक रोप जरी चुकलं, तरी दुसऱ्या दिवसापासून मी घरी. मग तर झालं?"

ती कबूल झाली.

पानगळ सुरू झाली. फाटकाजवळची झाडं आधी पिवळी झाली, मग विटकरी. झाडूवाली मावशी पायवाट लोटून मागे वळेपर्यंत ती पुन्हा भरलेली असायची.

"काका, तुमच्या झाडांना जरा दम धरायला सांगा की! मला कंबर एकच आहे."

काका हसायचे, पण त्यांची नजर मधल्या वाफ्यावर असायची. एका रोपाला एकच मोठं फूल, ही त्यांची पद्धत. बाकीच्या कळ्या त्यांनी केव्हाच काढून टाकल्या होत्या.

एका दुपारी मुलीला पांढऱ्यांच्या मधोमध एक कळी दिसली. अजून मिटलेलीच, पण टोकाशी तांबडी.

म्हणजे तिचंच खरं ठरलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, कळी खुडली आणि पर्समध्ये टाकली. मग बाबांसमोर डबा उघडून ती शेजाऱ्यांच्या मांजरीबद्दल बोलत राहिली.

आठवडाभरात अशा सात कळ्या झाल्या.

शनिवारी ती आली तेव्हा बाबा वाफ्याशी उकिडवे बसले होते.

"ही कळी नखाने खुडलीय," ते म्हणाले. "मी चिमटीत धरून मोडतो. मावशीला विचारलं, तर म्हणते माझा झाडू जमिनीवरच चालतो."

"मी खुडल्या, बाबा."

त्यांनी वर पाहिलं. "कोणता रंग होता?"

"तांबडा."

"किती?"

"सात."

त्यांनी जवळच्या बोडक्या रोपाचं पान उलटं केलं. अंगठा फिरवला. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं.

"हे पांढरीचंच आहे गं," शेवटी ते म्हणाले. "हात लावून बघ."

ती शेजारी बसली. लहानपणी त्यांनीच तिला पानं ओळखायला शिकवली होती. पान अरुंद होतं, आणि बोटाखाली लव लागत होती.

"लव आहे का?"

तिला एकदा वाटलं, नाही म्हणावं.

"आहे."

त्यांनी मान हलवली. पान सोडलं. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

"मुकादमांना सोमवारी सांगू," ती म्हणाली. "एवढी घाई नाही."

"उद्यापासून म्हणालो होतो. उद्यापासूनच." त्यांनी झारी उचलली. "आजचं पाणी राहिलंय."

नळावरून झारी भरून आणून ते कडेच्या पिवळ्यांपासून गोल गोल आत येत गेले. कुठलंही रोप त्यांनी सोडलं नाही. ती सातही नाहीत. कचेरीची वेळ टळून गेली, तरी मुलगी तिथेच उभी होती. झारी चार वेळा रिकामी झाली.