कुंपणातली जमीन

आंबेगावच्या डोंगरातून चिमाजी राजुरीला उतरला तो १९५३ साली, पीरमहंमदांच्या द्राक्षबागेचा राखणदार म्हणून. पीरमहंमद जुन्नरचे फळांचे व्यापारी. होतं नव्हतं ते घालून त्यांनी दोन एकरांत पांगाऱ्याच्या खुंटांवर वेल चढवले होते. माणूस शिकलेला आणि भारी बोलका. पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकावरची इंग्रजी पाटी चिमाजीला वाचून दाखवली.

"विनयार्ड. म्हंजे द्राक्षमळा. पयला तुकडा वेलाचा, लांब रोमच्या भाषेतनं आलेला, दारूच्या नावावरनं. दुसरा इंग्रजांचा घरचा, यार्ड. म्हंजे कुंपण घातलेली जमीन. निम्मा शब्द तुझ्या हवाली हाय, चिमाजी."

चिमाजीनं मान डोलावली. त्याला काय कुंपण शिकवायचं! त्यानं बाभळीच्या काट्यांत बोट शिरेल एवढी फट राहू दिली नाही. पण कुंपण पिकापुरतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. डोंगरात भात घरात आलं की काट्या बाजूला ओढायच्या आणि गावाची गुरं रानात सोडायची. जो ओढत नाही तो माणूसघाणा.

तिसऱ्या वर्षी बागेला पहिलं पीक आलं. चैत्रात द्राक्षांच्या शेवटच्या पाट्या घेऊन पीरमहंमद पुण्याला गेले नि चार दिवस तिकडेच राहिले. इकडे चिमाजीनं आपल्या हातानं काट्या ओढल्या आणि गुराख्यांना हाक दिली, "या रं, पीक निघालं!" ऐन उन्हाळ्यात जनावरांच्या तोंडी हिरवा पाला पडला, याचं त्याला केवढं समाधान! बापडा बांधावर बसून हसत होता.

शेळ्यांनी पाला संपवला, मग खोडांच्या साली सोलल्या. म्हशींनी अंग घासून पांगारे आडवे केले.

पीरमहंमद परतले ते फाटकातच थांबले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर चिमाजीला बरं वाटलं असतं.

"पीक निघालं व्हतं, शेठ," तो म्हणाला. "भात काढलं की आमी..."

"भात दरसाल नवं लावत्यात, बाबा. हे एकदाच लावलं व्हतं."

पावसाळ्याआधी जमीन विकली गेली. नव्या मालकानं कांदा लावला. चिमाजीला कामावर ठेवलं नाही. तरी तो डोंगरात परतला नाही. दर वर्षी कांदा निघून रान उघडं पडलं की तो भोवती काट्या लावायला येई. गुराखी शिव्या घालत.

"आत काय हाय रं राखायला?"

चिमाजी खाली मान घालून फटी बुजवत पुढं सरके.