अर्ध्या मिलिमीटरने चढलेली बेल

माझी रेघ चुकत नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले आहे. फ्रीगंजमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. वूमन म्हणायची पद्धत आमच्याकडे अजून आलेली नाही आणि माझं त्यावाचून काही अडलेलंही नाही. उज्जैनच्या कितीतरी नव्या कॉलन्यांमधले जिने, पोर्च आणि बाथरूम माझ्या माउसखालून गेले आहेत. माझ्या नकाशावर बांधलेलं दार चौकटीत बसलं नाही, असं आजवर एकाही मिस्त्रीने म्हटलेलं नाही.

कॅडवर कधी काम न केलेल्यांसाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरवर रेघ काढताना डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. दोन रेघा अगदी चिकटलेल्या दिसतात आणि मोठं करून पाहिलं तर मध्ये चांगली फट असते. म्हणून स्नॅप असतं. कर्सर रेघेच्या टोकाजवळ नेला की तिथे हिरवा चौकोन उमटतो आणि क्लिक केलं की नवी रेघ बरोब्बर त्या टोकालाच जाऊन बसते. रेघेच्या मध्याला त्रिकोण उमटतो. आणखी एक खूण आहे, डमरूच्या आकाराची, तिचं नाव नियरेस्ट. तिचा अर्थ एवढाच, की रेघेवर जिथे जवळ पडेल तिथे. टोकच पाहिजे असा तिचा आग्रह नसतो. जाणकार लोक ती बंद ठेवतात. मी सगळ्या खुणा चालू ठेवायची. देवाने दहा डोळे दिले तर एक कशाला मिटायचा, असं माझं म्हणणं.

आमचे सर जुन्या ड्रॉइंग बोर्डवर शिकलेले. ते मागे उभे राहून म्हणायचे, "अगं, कोपरे एकदा झूम करून तर बघत जा. मशीन आहे ते, महाकाल नाही."

"सर, स्नॅप लागलंय ना. त्यात बघायचं काय?"

सर चष्मा पुसत आपल्या केबिनमध्ये जायचे आणि मी जिंकल्याच्या थाटात पुढची भिंत काढायची.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या ओळखीने उज्जैनजवळच्या भैरवगढचे एक चाचा ऑफिसात आले. कापडावर ठप्प्याने छपाई करणारे, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी रुमालातून एक लाकडी ठप्पा काढून माझ्या टेबलावर ठेवला. सहा इंच लांब, त्यावर पानांची बेल, म्हणजे आपली वेल, कोरलेली, आणि मधोमध उभा चिरलेला. चादरीच्या किनारीला त्यांनी आयुष्यभर हीच बेल लावली होती. कोरणारा कारागीर कधीच वारला होता आणि त्याच्या मुलांनी ते काम सोडलं होतं.

"यह नहीं बना तो यह बेल बंद, बिटिया," ते म्हणाले. "लकड़ी मेरे पास है. वालिद के टाइम की शीशम, एक ही टुकड़ा."

मी म्हटलं, चिंता सोडा. ठप्पा स्कॅन केला, पान न् पान कॅडवर काढलं. ठप्प्याच्या दोन कोपऱ्यांवर एकेक बारीक ठिपका असतो, तो चाचांनी मुद्दाम दाखवला होता. एक छाप मारली की तिचा शेवटचा ठिपका कापडावर उमटतो, पुढच्या छापेचा पहिला ठिपका त्यावर नेमका टेकवायचा, आणि अशी ठिपक्याला ठिपका जोडत बेल सरळ पुढे जाते. मला हसूच आलं. हे लोक तर माझ्या आधीपासून स्नॅप लावत होते. मी दोन्ही कोपऱ्यांवर ठिपके बसवले, हिरवी खूण दिसली, क्लिक केलं. फाइल आणि चाचांचं लाकूड पाठवलं आणि मशीनवर ठप्पा कोरून आला. इतका देखणा, की सरांनीही शाबासकी दिली.

पहिल्या छपाईला मी भैरवगढला गेले. लांब मेजावर चाचांच्या सुनेने पांढरी चादर ताणली होती. चाचांनी ठप्पा रंगात टेकवला, कापडावर ठेवला, मुठीने ठोकला. दुसरी छाप, तिसरी. पाचव्या-सहाव्या छापेपासून जोड खटकायला लागला. चादरीच्या एका टोकाला बेल किनारीपासून दोन बोटांवर होती, दुसऱ्या टोकाला अडीच बोटांवर चढलेली. चाचांनी ठप्पा उलटून पाहिला, मग माझ्याकडे.

"जोड़ नहीं बैठ रहा, बिटिया."

आता खरं ते लिहिते. मी क्षणाचाही विचार केला नाही. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला होता, तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी वाजलेली मी ऐकली होती. मी त्यांच्या सुनेसमोर म्हणून गेले, "चाचा, ड्रॉइंग तो एकदम करेक्ट है. हाथ हिल गया होगा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपला उजवा हात उघडून पाहिला, रंगाने काळा पडलेला, आणि मान हलवली. "हो सकता है. उमर है."

मी घरी येऊन पोटभर जेवले. नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की म्हातारपणी माणसाने कुठे थांबायचं ते ओळखावं.

महिनाभराने त्यांच्या सुनेचा फोन आला. "दीदी, अब्बा मेज के पास आते ही नहीं. बोलते हैं हाथ गया. दिनभर बाहर खटिया पर बैठे रहते हैं." मग जरा घुटमळून ती म्हणाली, "एक काम कर दोगे? कोने की बिंदी थोड़ी मोटी बना दो. शायद नज़र का मामला हो. लकड़ी हम कहीं से ढूँढ लेंगे."

दोन मिनिटांचं काम. मी फाइल उघडली आणि ठिपका मोठा करायचा म्हणून त्या कोपऱ्यावर झूम केलं. त्या फाइलमध्ये पहिल्यांदाच. पहिला ठिपका कोपऱ्यावर होता. दुसरा नव्हता. तो उभ्या रेघेवर होता, पण कोपऱ्यापासून अर्धा मिलिमीटर वर सरकलेला. मला दिसलेली हिरवी खूण चौकोन नव्हती, डमरू होता. प्रत्येक छाप आधीच्या छापेपेक्षा अर्धा मिलिमीटर वर जात होती. चादरीच्या एका बाजूला अठरा छापा. अठरा छापांत जवळजवळ नऊ मिलिमीटर, म्हणजे अर्धं बोट.

मला स्वतःचा भयंकर राग आला. चुकीचा नाही, चूक कुणाचीही होते. थरथरणारा हात कधी वर जातो, कधी खाली. ती बेल फक्त वर चढत होती, एका मापाने, मुकाट. बावीस वर्षं रेघा काढणाऱ्या बाईला हे उभ्या उभ्या कळायला हवं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण म्हणून मी एका भल्या माणसाचा हात पुढे केला होता.

ठिपका गुपचूप जागेवर सरकवून, शिवाय मोठा करून दिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. सून म्हणाली असती, दीदीने युक्ती केली. हा विचार मी केला, चांगला अर्धा तास केला. पण मग चाचा उरलेलं आयुष्य मोठ्या ठिपक्याच्या आधाराने छापत बसले असते, आणि मला ते सहन झालं नसतं. मी नियरेस्ट बंद केलं. मग बेलीचं प्रत्येक टोक झूम करून तपासलं. बाकी सगळं जागेवर होतं, आणि हे मी आजही शपथेवर सांगेन. ठप्प्याच्या मापाचा कागद छापून घेतला, त्यावर ठिपक्याची खरी जागा फुलीने दाखवली आणि टेम्पोने भैरवगढ गाठलं.

चाचा खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच बोलले, सुनेला बाहेर बोलावून तिच्यासमोर. तेव्हा तिच्यासमोर बोलले होते म्हणून.

"चाचा, आपका हाथ नहीं हिला था. गलती मेरी थी. बिंदी मैंने आधा मिलीमीटर ऊपर लगा दी थी. बाकी पूरा ठप्पा सही है."

त्यांनी कागद घेतला. ठप्पा मागवून त्यावर धरला, डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि मी ऐकून घेणार होते.

"दूसरी लकड़ी नहीं चाहिए," ते म्हणाले. चुकीचा ठिपका त्यांनी पटाशीने तासून टाकला. कागदावरच्या फुलीतून टोचा मारला आणि तिथे बारीक पितळी खिळा ठोकला, मग त्याचं डोकं कानशीने घासून ठप्प्याच्या पातळीला आणलं. हे सगळं त्याच हाताने. हात थरथरत होता आणि खिळा फुलीवरच बसला.

सुनेने चादर ताणली. पहिली छाप, दुसरी, दहावी. अठरावी छाप ठोकून चाचांनी दोन बोटं किनारीला लावली. दोन बोटं. मग मेजाच्या सुरुवातीला जाऊन तिथेही लावून पाहिली. दोन.

ते माझ्याकडे वळले. "तो उस दिन हाथ तुम्हारा हिल गया था."

"हाँ चाचा. मेरा."

ते हसले, तोंडात उरलेल्या चार दातांनी. मग मला बाजूला व्हायची खूण केली आणि सुनेला म्हणाले, "बहू, दूसरी चादर बिछाओ."